राजीनामा, कबुली आणि निकाल

मंडळी, ‘राजीनामा’ म्हटलं की आज आपल्याला नोकरी सोडल्याचा कागद आठवतो. मराठेशाहीच्या कागदांत त्याचा अर्थ वेगळा. गोतसभेपुढे तंटा आला की दोन्ही पक्ष आधी राजीनामा देत: सभा सांगेल ते मान्य. हरणारा शेवटी येजितखत लिहून देई. निवाड्याच्या महजरावर पाटलाच्या नांगराची निशाणी पडे. हे तंटे बहुतेक वतनाचे, फौजदारी नव्हेत. पण हरणाऱ्याची संमती चारचौघांत कागदावर येई, एवढं आपण ध्यानात ठेवू.

आता 1976. महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्यांचं प्रकरण, मुरलीधर मेघराज लोया खटला. खुरासणीच्या तेलात शेंगदाण्याचं तेल. गुन्हा कबूल, शिक्षा किरकोळ! न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा पडद्याआडच्या सौद्यावर कडक ताशेरे मारले. 1980 मध्ये गुजरातच्या कासमभाई खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी तर तो घटनाबाह्यच ठरवला; निर्दोष माणूसही कटकट मिटवायला ‘हो’ म्हणेल, ही त्यांची भीती.

तरी खटले तुंबतच गेले, आणि 5 जुलै 2006 पासून प्ली बार्गेनिंग कायद्यात आलं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे. स्त्रिया, चौदा वर्षांखालची मुलं आणि सामाजिक-आर्थिक गुन्हे वगळून. अर्ज स्वखुशीचा आहे का, हे न्यायाधीश आरोपीला एकट्याला, बंद दाराआड विचारतात. हे योग्यच, दबाव आणणारा बाहेरच उभा असू शकतो. मग पीडिताची भरपाई ठरते. किमान शिक्षा असेल तर तिच्या निम्मी, नसेल तर कमाल शिक्षेच्या पाव भाग देता येते. निकाल मात्र उघड्या न्यायालयात, न्यायाधीशांच्या सहीने. 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही हेच, पहिल्या गुन्ह्याला सवलत आणखी जास्त.

अडचण इथे आहे, बघा. कच्च्या कैदेचे दिवस शिक्षेतून वजा होतात. म्हणजे पुरेसे दिवस आत काढलेला गरीब ‘केला गुन्हा’ म्हणाला तर आज सुटतो, ‘नाही केला’ म्हणाला तर आतच राहतो. त्याच्या कबुलीला स्वखुशी म्हणायचं का? तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही कबुली आणि सत्य वेगळं करायला शिकवत असू. इथे ते काम न्यायाधीशाचं. ‘तडजोड मान्य’ एवढ्या दोन ओळींनी ते होत नाही. बंद दाराआड काय विचारलं, खात्री कशी पटली, हे निकालात यायला हवं, असं आमचं मत आहे. कारण या निकालावर अपील नाही. उरतो तो घटनेचा रस्ता: सर्वोच्च न्यायालय, नाहीतर उच्च न्यायालयात रिट. मराठवाड्याच्या माणसाला त्यासाठी निदान मुंबई गाठावी लागत नाही. 27 ऑगस्ट 1981 पासून खंडपीठ इथेच आहे.