पावशेर मध

आमच्या घरात मधाची बाटली चुलीपाशी कधी नसायची. ती असायची देवघराशेजारच्या कोनाड्यात, सुंठ, जायफळ, वेखंड आणि कापराच्या पंगतीत. जागेवरूनच वस्तूची जात कळावी, असं ते घर होतं. मध म्हणजे आमच्या लेखी अन्न नव्हतं, औषध होतं. गोडाला गूळ होता, गुऱ्हाळ लागलं की काकवी होती. भाकरीवर मध घ्यावा, असं कुणाच्या डोक्यात यायचं नाही. मी एकदा मागितला तर आज्जी म्हणाली, "मध खात न्हाईत, बाळा. मध चाटत्यात." बोटाच्या पेरावर बसेल तेवढा मध, त्यात चिमूटभर सुंठ किंवा आल्याच्या रसाचे दोन थेंब. खोकला आला की रात्री निजताना हे एवढंच.

आमचं गाव शिराळा तालुक्यात, वारणेच्या खोऱ्यात. पूर्वी हा सगळा मुलूख साताऱ्यातच होता. १९४९ साली त्याचे दोन तुकडे होऊन दक्षिण सातारा झाला आणि १९६० साली त्या दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. कागदावर जिल्हे दोन झाले, पण डोंगर एकच राहिला. माशीला सातबारा नसतो. पाटणच्या बाजूला कारवी फुलली की मोहोळं तिकडं भरायची आणि त्या मधाची बाटली डोंगर उतरून आमच्या कोनाड्यात यायची.

ती घेऊन यायचे ते आमचे मोहोळवाले मामा. नात्यानं मामा नव्हेत. चांदोलीच्या रानातल्या एका वाडीचे. वर्षाकाठी दोनदा यायचे. एकदा पावसाळा सरल्यावर, एकदा उन्हाळ्यात जांभूळ फुलून गेल्यावर. आल्या आल्या उंबऱ्यात टेकून आज्जीला म्हणायचे, "आक्का, औंदा कारवी फुललीया. असा मध पुन्यांदा सात-आठ वर्सं घावायचा न्हाई." कारवीचं तसंच आहे. सात-आठ वर्षांत एकदा डोंगरच्या डोंगर जांभळा करते आणि मरून जाते. मग आज्जी मध हातावर घेऊन बघायची, वास घ्यायची, रानाची खबर विचारायची. बदल्यात जोंधळे जायचे, कधी वाळली मिरची. त्या सगळ्या बोलण्याला खरेदी म्हणायचं कुणाला सुचलं नसतं, पण खरेदीतलं जे महत्त्वाचं ते सगळं त्यात होतं. मध कुठला, कुठल्या फुलाचा, कधी काढला आणि कुणी काढला, हे आम्हांला ठाऊक असायचं.

मामांकडून आम्ही माश्यांच्या जाती शिकलो. आग्या सगळ्यांत मोठी आणि रागीट. उंच झाडाला, कड्याला एकच मोठं पोळं लावते. सातेरी अंधारात राहते, झाडाच्या ढोलीत किंवा वारुळात, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. फुलोरी झुडपात हातभर पोळं करते. आणि पोयाची माशी एवढीशी, तिला नांगीच नाही. तिचा मध थेंब-थेंब मिळायचा आणि तो फक्त औषधाला.

आता त्या काळाचं गुणगान करणारे फार झालेत, म्हणून दुसरी बाजूही लिहून ठेवतो. आग्या मोहोळ काढायचं ते रात्री, पेटत्या चुडीनं. माश्या धुरानं आणि जाळानं खाली पडायच्या. सकाळी त्या झाडाखाली गेलं की काळा थर दिसायचा. पोळं अख्खं कापायचं आणि फडक्यात घालून पिळायचं. मधाबरोबर पराग, मेण आणि अळ्यांचं पाणीही त्यात उतरायचं. असा मध टिकत नसे. त्यात पाण्याचा अंश जास्त. दोन महिन्यांत फेस यायचा आणि कधी भर दुपारी कोनाड्यात बाटलीचं बूच उडायचं. आज शहरात 'कच्चा मध' हा शब्द कौतुकानं उच्चारतात. आमचा मध त्या अर्थानं पुरता कच्चा होता. त्याला आच लागलेली नव्हती. पण कच्चा म्हणजे स्वच्छ नव्हे, आणि एका बाटलीसाठी अख्खं गोकुळ जळायचं.

हे बदलायला हवं, असं ज्यांना वाटलं त्यांचं काम आमच्याच डोंगरावर उभं राहिलं. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेनं वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. त्यानं ज्या ग्रामोद्योगांना हात घातला त्यांत मधमाशापालनही होतं. माशी न मारता मध घेता येतो, हा त्यातला गाभा. पुढं १९४६ साली मुंबई इलाख्याच्या ग्रामोद्योग समितीनं महाबळेश्वरला हे काम सुरू केलं. आज तिथं राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. पेटीपालकांची 'मधुसागर' ही सहकारी सोसायटीही तिथलीच. १९६२ साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आली. महाबळेश्वर म्हटलं की लोकांना स्ट्रॉबेरी आणि पॉइंट आठवतात. माझ्या लेखी ते गाव सातेरी माशीचं विद्यापीठ आहे.

त्या विद्येचं मूळ एका मापात आहे. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याच्या १८५१ साली लक्षात आलं की पोळ्यांमध्ये ठरावीक फट ठेवली, साधारण पाव ते तीन अष्टमांश इंच, तर माश्या ती मेणानं बुजवत नाहीत, जायला-यायला मोकळी ठेवतात. मग पोळं लाकडी चौकटीत बांधून घेता येतं आणि वहीच्या पानासारखं बाहेर काढता येतं. खाली पिल्लांचा कोठा, वर मधाचा कोठा. वरच्या चौकटी तेवढ्या काढायच्या, मधावरच्या मेणाच्या टोप्या सुरीनं कापायच्या आणि यंत्रात गरगर फिरवायच्या. मध बाहेर फेकला जातो, पोळं शाबूत राहतं आणि रिकामं पोळं माश्यांना परत मिळतं. पिल्लांना धक्का नाही, जाळ नाही, पिळणं नाही. आपल्या सातेरीचा देह लहान, म्हणून पेट्याही तिच्या मापानं लहान केल्या गेल्या.

मी पहिली पेटी बघितली ती आत्याच्या गावी, जावळी तालुक्यात. घराच्या वळचणीला, चार पायांवर, आणि प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत, मुंग्या चढू नयेत म्हणून. आत्याचे यजमान झाकण उघडून नुसत्या हातानं चौकट वर काढायचे. मला म्हणाले, "घाबरू नकोस. घाई केली तरच चावती." त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मध विकत घेणाऱ्या प्रत्येकानं ऐकावी अशी आहे. माश्या फुलातला पातळ रस आणतात, तो पंखांनी वारा घालून आटवतात आणि पुरता आटला की कोठीवर मेणाची टोपी बसवतात. टोपी बसली म्हणजे मध पिकला. त्याआधी काढला तर वजन जास्त भरतं, पण मध आंबतो. मधात पाणी शंभरात वीस भागांपेक्षा जास्त नसावं, असा आज सरकारी दंडक आहे. माश्या त्याच हिशेबानं टोपी लावतात. थांबायची तयारी असलेला माणूसच चांगला मध देऊ शकतो, तो असा.

आमच्या मामांचं पुढं काय झालं, तेही या इतिहासाचाच भाग आहे. चांदोलीला वारणेवर धरण झालं. १९८५ साली ते रान अभयारण्य झालं, २००४ साली राष्ट्रीय उद्यान, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. तिथल्या वाड्या उठल्या. माणसं खाली सपाटीला, उसाच्या मुलखात वसली. रान वाचायला हवं होतं, हे मला पटतं. पण कुठल्या कड्याला कुठल्या महिन्यात आग्या बसते, हे ज्यांना पाठ होतं ती माणसं आता उसाला पाणी पाजत होती. मामा एकदा नव्या वसाहतीतून भेटायला आले, ते रिकाम्या हातानं. आज्जीनं विचारलं, "मध?" ते म्हणाले, "आक्का, हितं फुलं न्हाईत. निस्ता ऊस." आज्जीनं त्यांना शिधा बांधून दिला. त्यानंतर ते आले नाहीत.

मग मधाच्या जागी दुकानातली बाटली आली, आणि दारावर पातेलं घेऊन फिरणारेही आले. पातेल्यात वर मेणाचं पोळं, त्यावर दोन-चार मेलेल्या माश्या, खाली दाट गोड द्रव. पोळं खरं असायचं, द्रवाची खात्री नव्हती. लोक मग घरीच परीक्षा घेऊ लागले. पाण्यात थेंब टाकायचा, काडी मधात बुडवून पेटवायची, कुत्र्यापुढं ठेवायचं. यातली एकही परीक्षा खरी नाही. साखरेचा घट्ट पाकही पाण्यात सरळ तळाला जातो. उलट जे खरेपणाचं लक्षण असू शकतं त्यालाच लोक भेसळ समजतात. थंडीत मध रवाळ झाला की "साखर घातलीय" म्हणून बाटली परत करतात. मधात ग्लुकोज असतं, ते गोठतं. सूर्यफुलाचा मध तर लवकरच रवाळ होतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो.

भेसळ मात्र घरच्या परीक्षांच्या फार पुढं गेली आहे. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं बाजारातले १३ ब्रँड तपासून घेतले. सगळ्या चाचण्यांत फक्त ३ उतरले. नेहमीच्या चाचण्यांना चकवणारे साखरेचे पाक बाजारात आहेत, हे त्यातून बाहेर आलं. जे प्रयोगशाळेला जड जातं, ते आपल्या काडीपेटीला कसं कळणार? म्हणून मला आज्जीची रीतच शहाणपणाची वाटते. ती मधाची परीक्षा कमी घ्यायची आणि माणसाला प्रश्न जास्त विचारायची.

तब्येतीचं म्हणाल तर तिथंही तिचं माप बरोबर होतं. मधात शंभरात ऐंशी भाग साखरच असते. मोठा चमचाभर म्हणजे वीस ग्रॅम मध, त्यात सुमारे सोळा ग्रॅम साखर. माझे मधुमेहाचे मित्र "नैसर्गिक आहे" म्हणून सकाळी दोन-दोन चमचे घेतात, तेव्हा मला आज्जीचं पेर आठवतं. खोकल्याला मधानं आराम पडतो, हे आता डॉक्टरही मान्य करतात. भाजलेल्या जखमांवर मधाचा उपयोग सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यविशारद एम. सुब्रह्मण्यम यांनी १०४ रुग्णांवर पडताळून पाहिला आणि १९९१ साली तो ब्रिटनच्या शस्त्रक्रियाविषयक नियतकालिकात छापून आला. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं हे काम जगभर वाचलं गेलं. पण ते रुग्णालयातलं काम. घरी भाजलं तर आधी गार पाणी आणि मग दवाखाना.

एका बाबतीत मात्र मी जुन्या रीतीच्या विरोधात उभा राहिलो. बाळ जन्मलं की सोन्याच्या अंगठीनं मध चाटवायचा, हा आमच्याकडचा रिवाज. मधात कधी कधी एका जंतूची बीजं असतात. मोठ्यांना ती काही करत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ती रुजतात आणि त्यांचं विष बाळाला लुळं पाडू शकतं. मध अस्सल असला, कच्चा असला म्हणून हा धोका टळत नाही. नातीच्या वेळी घरातल्या वडीलधाऱ्या बायका रुसल्या. शेवटी अंगठी नुसती ओठाला लावली. रिवाज राहिला, मध वगळला.

मे २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, देशातलं असं पहिलंच. मी मुद्दाम जाऊन आलो. घराघरांच्या कडेला पेट्या, पायाखाली पाण्याच्या वाट्या, तश्शाच. एका ताईंना मी विचारलं, "पावसाळ्यात माश्या काय खातात?" त्या आडपडदा न ठेवता म्हणाल्या, "दादा, हितला पाऊस तुम्हाला म्हाईत हाय. फुलं न्हाईत तवा साखरेचं पाणी द्यावंच लागतं, न्हाईतर मरत्यात. त्या दिसांत मध काढत न्हाई आम्ही." इतकं सरळ उत्तर कुठल्या लेबलावर छापलेलं मी वाचलं नाही. जांभळाचा मध घेतला. गडद, किंचित कडवट. भाव दुकानापेक्षा चढा होता. सातेरीच्या पेटीतून वर्षाला मध निघतो तो थोडाच किलोंत, तेव्हा तो स्वस्त मिळेल कसा?

परतताना एक हिशेब मनात होता. आटपाडी-जतकडं डाळिंबाच्या फुलाला फळ धरायला माशी लागते, आमच्याकडच्या सूर्यफुलाला लागते, कारल्या-दोडक्याला लागते. मध ही तिची वरकमाई, खरी मजुरी ती शेतात करते. फुलावर आलेल्या पिकावर भर दुपारी औषध मारणाऱ्या आमच्याच गावकऱ्यांना मी आता हे सांगत असतो. मारायचंच असेल तर सांजच्याला मारा, माश्या घरी गेल्यावर. काही ऐकतात. परवा एकानं पंप खांद्यावरून उतरवून ठेवला आणि विचारलं, "गुरुजी, पेटी कुठं मिळती?"