विंडोलँडाचे लेखफलक आणि रोमन सीमेवरील सैन्याची गणती

रोमन साम्राज्याच्या लष्करी सामर्थ्याचा अंदाज बांधताना इतिहासकार सामान्यतः पलटणींची संख्या घेतो व तिला एका पलटणीच्या मनुष्यबळाने गुणतो. हा गुणाकार कितपत विश्वसनीय आहे, हे पडताळून पाहण्याचे एक दुर्मिळ साधन उत्तर इंग्लंडातील विंडोलँडा या ठाण्याच्या उत्खननातून उपलब्ध झाले आहे. रॉबिन बर्ली यांना १९७३ मध्ये तेथे लाकडाच्या पातळ चकत्यांवर शाईने लिहिलेले लॅटिन लेख प्रथम सापडले. हे फलक साधारणतः पोस्टकार्डाएवढे असून त्यांची जाडी फार तर तीन मिलिमीटरपर्यंत आहे. ओल्या, प्राणवायूविरहित मातीत गाडले गेल्यामुळेच ते टिकले. हेड्रियनच्या भिंतीचे काम इ. स. १२२ च्या सुमारास सुरू झाले. यांतील बहुसंख्य लेख त्यापूर्वीच्या तीन-चार दशकांतील आहेत.

इ. स. ९० च्या सुमाराचे तुंग्री लोकांच्या पहिल्या पलटणीचे हजेरीपत्रक या दृष्टीने विशेष महत्त्वाचे होय. त्यावर १८ मे ही तारीख आहे. पटावरील संख्या ७५२, त्यांत ६ सेंच्युरियन. यांपैकी ४५६ जण ठाण्याबाहेर होते : ४६ प्रांताधिपतीच्या रक्षकदलात, ३३७ कॉर्ब्रिज येथे फेरॉक्स नामक अधिकाऱ्याच्या दिमतीस, उरलेले लहानमोठ्या कामांवर विखुरलेले. ठाण्यात हजर २९६. त्यांत १५ आजारी, ६ जखमी आणि १० डोळे आलेले. कामास योग्य असे २६५ आणि त्यांच्यावर एकच सेंच्युरियन. जखमींहून नेत्ररोग्यांची संख्या अधिक भरावी, ही गोष्ट सीमेवरील जीवनाविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. कॉर्ब्रिजला गेलेले ३३७ सैनिक काही लढण्यास अपात्र ठरत नाहीत. ते अन्यत्र उपयोगी पडत होते एवढेच. परंतु मे हा मोहिमांचा काळ असूनही पलटण एका ठिकाणी एकसंध उभी नव्हती, हे नाकारता येत नाही. पलटण हे रणांगणावरील एकक होण्यापूर्वी मनुष्यबळाचा एक साठा होता व वरिष्ठ अधिकारी त्यातून हवी तेवढी माणसे उचलीत असत, असे मला वाटते. टॅसिटसने इ. स. ९८ मध्ये लिहिलेल्या आपल्या सासऱ्याच्या, अग्रिकोलाच्या, चरित्रात बटावी व तुंग्री पलटणींनीच मॉन्स ग्रॉपियसच्या लढाईत समोरासमोर तलवार चालविली, असे वर्णन आहे. ते खोटे मानण्याचे कारण नाही. पण तो वर्षांतील एका दिवसाचा वृत्तांत होय.

इतर दिवशी काय चाले? २५ एप्रिलच्या एका नोंदीत ३४३ माणसे कर्मशाळांत असून त्यांत १२ चर्मकार आहेत, तर १८ गवंडी स्नानगृहाच्या बांधकामावर आहेत. ऑक्टेव्हियस नावाचा पुरवठादार ५,००० मोदियस धान्याची कणसे खरेदी केल्याचे कळवितो, ५०० दिनारांची निकड लावतो आणि रस्ते वाईट असल्यामुळे कॅटेरिकहून कातडी आणता आली नाहीत, अशी तक्रार करितो. मॅस्क्लस नामक घोडदळाचा एक नायक उद्याचे हुकूम मागतो व जाता जाता सैनिकांची बीर संपल्याचे सांगतो. युद्धाचा उल्लेख क्वचितच येतो. आला तर ब्रिटनांच्या लढण्याच्या पद्धतीवरील एका कोरड्या टिपणात, आणि तेथे त्यांचे नाव तुच्छतादर्शक रूपात आले आहे.

सल्पिसिया लेपिडिना या सेनाधिकारी फ्लेव्हियस सेरिआलिसच्या पत्नीस तिच्या मैत्रिणीने ११ सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाचे निमंत्रण धाडले. त्याखालील काही ओळी मैत्रिणीने स्वहस्ते लिहिल्या आहेत. स्त्रीच्या हातचे इतके जुने लॅटिन लेखन फारसे उपलब्ध नाही. या घरगुती पत्रांमुळे ठाण्यातील जीवन सौम्य होते असा समज मात्र होऊ नये. धान्याच्या हिशेबाच्या मागील बाजूस एका परदेशी माणसाने लिहिलेला अर्जाचा मसुदा आहे. आपण निरपराध असता, आणि समुद्रापलीकडून आलेलो असता, छड्यांनी रक्तबंबाळ केले गेलो, अशी दाद तो मागतो. पलटणीच्या अधिकाऱ्यांकडे केलेली आपली तक्रार व्यर्थ गेली, म्हणून तो आता थेट वरिष्ठ सत्तेच्या दयेकडे वळला आहे.