मुलूखगिरी

मुलूखगिरी (स्त्री.) : परमुलखात दूरवर फिरणे. मराठेशाहीत, फौज घेऊन परक्या प्रदेशात जाणे आणि चौथाई-खंडणी वसूल करून परतणे. अरबी ‘मुल्क’ (प्रदेश) आणि फारसी ‘गीरी’ (घेणे, धरणे) यांपासून.

मोहिमेत लढाई मुख्य, मुलूखगिरीत वसुली. दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले की फौजा निघत. तोवर नद्यांना उतार मिळे, वाटा वाळत आणि खरिपाचे पीक गावोगाव हाती येऊ लागे. घोड्यांची वैरण आणि शिपायांचे पोट वाटेवरच्या गावांवरच चाले. काठेवाडात गायकवाडांची मुलूखगिरी अनेक वर्षे चालली. १८०७-०८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्नल वॉकरने खंडणीचे आकडे ठरवून दिल्यावर ती थांबली.

मुलूखगिरीचा फार लांबचा पल्ला नागपूरकर भोसल्यांनी गाठला. पहिल्या रघूजींचे सरदार भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये छत्तीसगड आणि पंचेटचे डोंगर ओलांडून बंगालमध्ये उतरले. पावसाळ्यातही फौज तिकडेच राहिली, काटव्याला तळ पडला. सप्टेंबरात दुर्गापूजा चालू असताना बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने त्यांच्यावर छापा घातला. १७४४ मध्ये बोलणी करण्यासाठी मानकरा या गावी बोलावून त्याने भास्कररामांना ठार केले. तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. अखेर १७५१ च्या तहात बंगालची चौथाई म्हणून दरसाल बारा लाख रुपये ठरले आणि ओरिसाचा वसूल भोसल्यांकडे आला.

नागपूरच्या इतिहासात हा पराक्रम आहे, आणि तो खराही आहे. पण ज्या गावांवरून फौज गेली त्यांची बाजू बंगालीत नोंदलेली आहे. सरकारी घोड्यावर बसणाऱ्या ‘बारगीर’ स्वारावरून तिथे ‘बर्गी’ शब्द रूढ झाला आणि तो आजही पाळण्याच्या गाण्यात भीती म्हणून येतो. गंगाराम कवीच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या त्या काळच्या बंगाली काव्यात जाळलेली गावे आणि पळणारी माणसे आहेत. मराठी वाचकाने ते वाचले पाहिजे.

आधुनिक मराठीत प्रवासवर्णने आणि गिर्यारोहणाच्या लेखनात हा शब्द हौशी भटकंतीसाठी वापरतात : ‘यंदा सातपुड्यात मुलूखगिरी केली’. हा अर्थ आता रूढ आहे आणि त्याला चूक म्हणता येणार नाही. मात्र अठराव्या शतकाविषयी लिहिताना ‘मुलूखगिरी’चा अर्थ केवळ प्रवास असा घेऊ नये, तिथे खंडणी आणि तिचा भार सोसणारी गावे हाच त्याचा गाभा आहे.