रेंजर येण्याआधी

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत नोटीस लागली. 'पार्किंगमधील बेवारस सायकली आठ दिवसांत हलवाव्यात, अन्यथा भंगारात देण्यात येतील.' नोटिसा काय, कामोठ्यात रोजच्याच. आज पाणी नाही, उद्या लिफ्ट बंद... आपण वाचतो आणि विसरतो. पण ही वाचून मी खाली गेलो. जिन्याखाली भिंतीला टेकवलेली काळी अ‍ॅटलस बेवारस नाही, ती अण्णांची आहे. आता अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे लिहिणाऱ्याचं अगदीच चुकलं असंही नाही. वारस मी. आणि या वारसाने सहा वर्षांत तिच्यावरून साधं फडकं फिरवलेलं नाही.

त्याच रविवारी भाचा आला. वय चोवीस, डोक्यात माउंटन बाइकशिवाय दुसरं काही नाही. (चार वर्षांपूर्वी त्याच्याच नादाने मीही एक घेतली. घरच्यांना किंमत माहीत आहे, इथे लिहीत नाही.) त्याने फोन पुढे केला. नेऱ्याच्या पुढे, देहरंगचं धरण मागे टाकून धोदाणीकडे जाताना डांबरी रस्ता सोडून डावीकडे एक पायवाट वर चढते. तिचा नकाशा, चढाचा आलेख, कोण किती मिनिटांत चढलं त्याची यादी आणि वर एक झोकदार इंग्रजी नाव. सैतानाचा जिना किंवा तसलंच काहीतरी.

"मामा, हा ट्रेल आमच्या ग्रुपने शोधलाय."

शोधलाय! हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. कारण ती पायवाट मला माहीत होती. बघितली नव्हती, पण लहानपणी रात्री जेवताना ऐकली होती.

अण्णा मलेरिया खात्यात होते. नव्या पिढीसाठी सांगतो, सरकारचा मलेरिया निर्मूलन कार्यक्रम १९५८ साली सुरू झाला. डीडीटीची फवारणी आणि दर पंधरवड्याला घरोघर फेरी. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत देशातली रुग्णसंख्या लाखाच्या आसपास आली आणि आता हा रोग संपलाच असं सगळे धरून चालले. मग लक्ष ढिलं पडलं, डासही डीडीटीला सरावले, आणि १९७६ साली हाच आकडा ६४ लाखांच्या वर गेला. अण्णा नोकरीला लागले ते १९७४ मध्ये, म्हणजे ऐन उलटलेल्या काळात.

काम असं. घरात शिरायचं, "कुणाला ताप?" विचारायचं. ताप असेल तर बोटाला टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, क्लोरोक्विनच्या गोळ्या समोर गिळायला लावायच्या आणि भिंतीवर फेरीची तारीख लिहायची. ती तारीख महत्त्वाची. साहेब तपासणीला आला की आधी भिंत बघायचा. त्यामुळे पाड्यावर न जाता गेलो म्हणून सांगायची सोय नव्हती. जायलाच लागायचं. पनवेलहून नेरे, वाजे, मालडुंगे, धोदाणी आणि मधले ठाकूर-कातकऱ्यांचे पाडे. दुसऱ्या आठवड्यात उलट दिशेला खाडीकडची गावं, त्यात कामोठेसुद्धा. तेव्हाचं कामोठं म्हणजे खारजमिनीतलं गाव. भातखाचरं, मिठागरं आणि भरतीचं पाणी अडवणारे बांध. सिडको १९७० साली स्थापन झाली होती, पण इथे इमारती उभ्या राहायला अजून खूप अवकाश होता. बांध अरुंद, त्यामुळे अण्णा सायकल खांद्यावर घेऊन चालायचे. २००५ साली आम्ही इथे फ्लॅट घेतला तेव्हा ते गॅलरीत उभे राहून बराच वेळ खाली बघत होते. "इथे मी चपला हातात घेऊन चाललोय," एवढंच म्हणाले.

सायकल त्यांनी सरकारी अग्रिम घेऊन घेतली आणि हप्ते पगारातून कापून गेले. अ‍ॅटलस कंपनी सोनीपतची, १९५१ची. तेव्हा मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता, मद्रासकडून हर्क्युलस यायची, लुधियानाहून हीरो. पण नाव कुठलंही असो, सायकल एकच. इंग्रजांच्या रोडस्टरची हुबेहूब नक्कल. अठ्ठावीस इंची चाक, दीड इंची टायर, सळ्यांचे ब्रेक, लोखंडी कॅरियर. सपाट रस्त्यावर, इस्त्रीचे कपडे घालून, ताठ बसून कचेरीत जायला केलेली वस्तू. ती आपल्याकडे दुधाच्या किटल्या, गवताचे भारे, गॅसचे सिलिंडर आणि अख्खं कुटुंब वाहू लागली, यात त्या इंग्रजाचा काही दोष नाही. (अ‍ॅटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद पडला तो ३ जून २०२० रोजी. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. असो.)

आता गंमत बघा. १९७६. अण्णा धोदाणीच्या वाटेवर असताना तिकडे अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मॅरीन भागात, काही पोरं जुन्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडत होती. वणवा विझवायला जाण्यासाठी केलेले कच्चे रस्ते होते, त्यावरून. सायकली तीस-चाळीस वर्षं जुन्या, श्विन कंपनीच्या, जाड फुगीर टायरच्या, कुणाच्या तरी शेडमध्ये गंजत पडलेल्या. म्हणजे आमच्या सोसायटीच्या भाषेत बेवारस. ब्रेक उलटं पेडल मारून लावायचा. तीव्र उतारावर तो इतका तापायचा की मागच्या चाकाच्या हबमधलं ग्रीस जळून धूर व्हायचा. खाली पोचलं की हब खोलून नवं ग्रीस भरायचं, इंग्रजीत 'रीपॅक' करायचं. म्हणून त्या शर्यतीचंच नाव 'रीपॅक' पडलं. त्यातल्याच जो ब्रीझने १९७७ मध्ये खास या कामासाठी नवी चौकट बांधली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिचीच्या चौकटी घेऊन कंपनी काढली, तिचं नाव 'माउंटनबाइक्स'. ते नाव त्यांना स्वतःपुरतं राखता आलं नाही, सगळ्या जगाचं झालं. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची 'स्टंपजंपर' दुकानात आली आणि १९९६ मध्ये हा प्रकार अटलांटा ऑलिंपिकमध्ये पोचला. वीस वर्षांत भंगार ते ऑलिंपिक!

आपल्याकडे ही लाट पोचली ती 'रेंजर' होऊन. हीरोने या नावाची जाड टायरची, सरळ हँडलची सायकल काढली आणि मग कुठल्याही कंपनीची तशी सायकल म्हणजे रेंजर. पनवेलच्या शाळेबाहेर पहिली रेंजर आली तेव्हा तिच्याभोवती ही गर्दी. मी अण्णांकडे हट्ट धरला होता. ते एकदा चालवून आले आणि म्हणाले, "जड आहे. आणि मागे काही बांधायला जागाच नाही." मिळाली नाही.

खरी तुलना मी या नोटिशीच्या निमित्ताने केली. दोन्ही सायकली शेजारी उभ्या केल्या आणि खाली बसून दात मोजले. (बायको वरून विचारत होती, काय हरवलंय.) अण्णांच्या अ‍ॅटलसला पुढे चव्वेचाळीस, मागे अठरा. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळपास साडेपाच मीटर जाते. माझ्या सायकलला सगळ्यात हलक्या गिअरवर पुढे चोवीस, मागे अठ्ठावीस, आणि चाक सव्वीस इंची. एका फेऱ्यात पावणेदोन मीटर. त्याच चढावर अण्णांना प्रत्येक फेऱ्यात माझ्या तिप्पट जोर लावायला हवा, तोही वीस-बावीस किलोच्या सायकलवर. ते शक्यच नाही. म्हणजे ते ढकलत गेले असणार. आणि उतारावर? सळीचा ब्रेक रिमला आतून दाबतो. लोखंडी रिम पावसात भिजली की रबर नुसतं घसरतं, सायकल थांबत नाही. म्हणजे येतानाही ते उतारावर उतरूनच आले असणार. सस्पेन्शन म्हणाल तर सीटखालच्या दोन स्प्रिंगा. काचपट्ट्यांच्या लाकडी पेटीचं सस्पेन्शन वेगळं. आईचं जुनं लुगडं. ते पेटीला गुंडाळून कॅरियरला बांधायचे. पट्टी फुटली तर परत जाऊन पुन्हा टोचायचं, आणि एकदा टोचलेलं पोर दुसऱ्यांदा हाती लागत नाही.

मला वाटलं होतं, ते धोदाणीला 'सायकलने जायचे'. खरं म्हणजे सायकल त्यांच्याबरोबर जायची.

मग ठरवलं, ती पायवाट बघायचीच. भाच्याबरोबर माघातल्या एका रविवारी पहाटे पाचला निघालो. आपल्या भागातल्या नव्या मंडळींना दोन गोष्टी सांगून ठेवतो, चार वर्षांत एवढंच शिकलोय. इथे काट्याला पर्याय नाही. बाभळीचा काटा दोन इंची टायरलाही सोडत नाही, तेव्हा जादा ट्यूब आणि पंप घरी ठेवू नका. पावसाळ्यात नेऱ्यापुढचा चिखल ब्रेकच्या रबरांवर कानशीसारखा चालतो, एका फेरीत रबरं अर्धी होतात. जमत असेल तर डिस्क घ्या. पुढच्या सस्पेन्शनवर जास्त पैसे घालवू नका, ते पैसे चांगल्या टायरवर घाला. आणि लावणीपासून कापणीपर्यंत खाचरांच्या बांधावर चाक घालू नका. बांध फुटला तर त्या माणसाचं पाणी जातं.

देहरंगपर्यंत उजाडलं. माथेरानची भिंत समोर, प्रबळगड उजव्या हाताला. गाढी नदी इथूनच खाली येते आणि आमच्या खाडीला मिळते. भाचा मला वाटभर भोर घाटाच्या गोष्टी सांगत होता. मुंबई-पुणे शर्यत, 'घाटाचा राजा' वगैरे. मी त्याला शिंग्रोबाची आठवण करून दिली. जुन्या घाटात त्याचं देऊळ आहे, गाडीवाले जाता-येता पैसे टाकतात. आख्यायिका अशी की गोऱ्या साहेबाला घाटातून वाट सापडेना, ती या धनगराने दाखवली आणि बक्षिसाऐवजी गोळी खाल्ली. खरं-खोटं देव जाणे. घाटाच्या इतिहासात मात्र नाव मिळतं ते गव्हर्नर माल्कमचं, कारण १८३० साली रस्ता त्याने खुला केला.

"म्हणजे तुला अण्णा आजोबांचं नाव द्यायचंय त्या ट्रेलला," भाचा म्हणाला. खरं सांगतो, तेच माझ्या मनात होतं.

पायवाट लागली. पहिली पन्नास-साठ पावलं मी सगळ्यात हलक्या गिअरवर चढलो. मग मुरूम संपून सुटे दगड लागले, मागचं चाक जागेवर फिरलं आणि मी उतरलो. भाचा पुढच्या वळणाला उतरला. बाकीचं दोघांनी ढकललं.

वरच्या पाड्यावर एक म्हातारी आजी अंगणात बसली होती. पाणी दिलं. मी विचारलं, आजी, फार वर्षांपूर्वी मलेरियाचे एक जण यायचे, काळी सायकल, मागे पेटी? ती हसली. "मलेरियावाला? त्यो आला का आमी पोरं रानात पळायचो. लय कडू गोळी." नाव? नाव नाही आठवत. "लय येऊन गेलं तसलं." भिंतीवरच्या तारखा? ते कुडाचं घर कधीच पडलं. आता तिथे सिमेंटचं आहे.

थोड्या वेळाने मी विचारलं, खालून वर येते त्या वाटेला तुमच्यात काय म्हणतात.

"तिला काय म्हणायचं? ढोरवाट हाय ती. ढोरं पाण्याला उतरत्यात."

भाचा काही बोलला नाही. येताना उतारावर त्याने दोनदा माझ्यासाठी थांबून वाट बघितली, एरवी थांबत नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींना मी पत्र दिलं आहे. अठ्ठावीस इंची टायर पनवेलला अजून मिळतो. जोडी आणली आहे, मागचा बसवून झाला. ब्रेकची एक सळी वाकली आहे, ती सरळ करून देणारा कुणी माहीत असेल तर सांगा.