एका पाऊंडाचं जेवण

कांदा बारीक चिरून तेलात परतायचा. त्यावर एक पाऊंड गाईच्या मांसाचा खिमा टाकून कालथ्याने फोडत राहायचं, गुलाबी रंग जाईपर्यंत. जास्तीची चरबी निथळून टाकायची. मग लसूण, मशरूम, चमचाभर मैदा, थोडी पेपरिका, घट्ट सूपचा एक डबा, आणि आच बंद केल्यावर वाटीभर विरजलेली साय. शेजारच्या शेगडीवर अंड्याच्या रुंद नूडल्स उकडत असतातच. अर्ध्या तासात घरभर माणसं जेवायला बसू शकतात. मिनेसोटातल्या माझ्या सासरी हे जेवण दर आठवड्याला ठरलेलं असे. सासूबाई त्याला स्ट्रॉगनॉफ म्हणत, शेजारी हॅम्बर्गर-नूडल्स म्हणत, आणि मुलं ताट पुढे करून नुसतं ‘आणखी’ म्हणत.

माझं माहेर वसईचं, ख्रिस्ती. खिमा मला नवा नव्हता. सणाला मांसाचं इंद्याल आणि तळलेले फुगे करणाऱ्या घरात मी वाढले, त्यामुळे मांस कसं रांधायचं हे मला कुणी शिकवायला नको होतं. नवीन होतं ते एका पाऊंडात सहा-सात माणसं जेववणं. एक पाऊंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. सासूबाईंचा नियम होता की प्रत्येकाच्या ताटात खिमा दिसला पाहिजे, तो किती आहे हे कुणी मोजत बसत नाही. हा हिशेब त्यांच्याकडे कुठून आला, हे शोधायला मी चर्चमधली जुनी पाककृतींची पुस्तकं चाळायला लागले. मग गिरण्यांचा इतिहास आला, कत्तलखान्यांचा आला, आणि शेवटी या साध्या पदार्थात निम्मं जग सापडलं.

सुरुवात गव्हापासून करते, कारण आमचं मिनियापोलिस पिठावरच वसलेलं आहे. मिसिसिपी नदीवरच्या सेंट अँथनी धबधब्याच्या जोरावर इथल्या गिरण्या चालल्या, आणि 1880 ते 1930 या काळात जगात सर्वाधिक पीठ याच शहरात दळलं जात होतं. 1878 साली वॉशबर्न ए गिरणीत पिठाच्या धुळीने पेट घेतला आणि स्फोटात 18 माणसं गेली. गिरणी पुन्हा उभी राहिली. तिच्या भग्न भिंतींमध्ये आज संग्रहालय आहे.

पण हे पीठ पावाचं. मॅकरोनीला लागतो तो कठीण, पिवळसर ड्युरम गहू, आणि तो अमेरिकेत फारसा पिकतच नव्हता. चांगली मॅकरोनी इटलीहून जहाजाने यायची. सरकारी कृषी खात्यातला मार्क कार्लटन नावाचा शास्त्रज्ञ 1898 मध्ये रशियाला गेला, कमी पावसाच्या मैदानांत फिरला आणि कुबांका नावाचं ड्युरमचं वाण घेऊन परतला. डाकोटातल्या शेतकऱ्यांनी ते पेरलं. दुष्काळ आणि तांबेरा या दोन्हींपुढे ते टिकलं. पुढे पहिल्या महायुद्धात इटलीची आवक थांबली आणि इथले कारखाने वाढले. नॉर्थ डाकोटा आजही अमेरिकेतला ड्युरमचा मुख्य मुलूख आहे. त्याच सुमारास मिनियापोलिसच्या जेम्स विल्यम्स या कारखानदाराने पातळ भिंतीची, चटकन शिजणारी मॅकरोनी काढली आणि तिला क्रीमेट्स हे नाव दिलं. गिरणीकामगाराच्या बायकोला ‘चटकन’ या गोष्टीचं मोल काय असतं, हे त्या माणसाला नीट कळलेलं होतं, असं मला वाटतं.

मांसाची गोष्ट साऊथ सेंट पॉलची. तिथला गुरांचा बाजार 1880च्या दशकात सुरू झाला आणि 2008 पर्यंत चालला. आसपासच्या राज्यांतून गुरं रेल्वेने येत, स्विफ्ट आणि आर्मर या मोठ्या कंपन्यांचे कारखाने बाजाराला लागूनच उभे होते. जनावराचे चांगले तुकडे शहरांतल्या हॉटेलांत जात. मान, खांदा, कडेकडेचं चिवट मांस उरे, ते यंत्रातून काढलं की खिमा होई. खिमा स्वस्त होता, पण लोकांचा त्याच्यावर भरवसा नव्हता, कारण त्यात काय घातलं आहे ते डोळ्यांना दिसत नाही. 1906 साली अप्टन सिंक्लेअरची ‘द जंगल’ ही शिकागोच्या कत्तलखान्यांवरची कादंबरी आली आणि त्याच वर्षी मांस तपासणीचा कायदा झाला. चरबी 30 टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, हा नियम पुढे आला. कायद्याच्या आधाराने खिमा साध्या घरांत निर्धास्तपणे शिरला.

आणि मग 1930 साल. मिनियापोलिसच्या नैऋत्येला असलेल्या मँकेटो गावात ग्रेस लुथरन चर्चच्या महिला मंडळाने पाककृतींचं एक पुस्तक काढलं. त्यात एक कृती आहे: खिमा, कांदा, सेलरी, डब्यातले मटार, डब्यातलं टोमॅटो सूप आणि क्रीमेट्स. सगळं एकत्र करून भाजायचं. मिनेसोटात ज्याला हॉटडिश म्हणतात, त्याची छापील स्वरूपातली ही सर्वात जुनी ज्ञात कृती मानली जाते. मंदीचा काळ होता. धान्याचे भाव पडलेले, शेतं गहाण, आणि चर्चच्या तळघरात अंत्यविधीनंतर शंभर माणसांना गरम जेवण घालायचं तर हातात काय होतं? थोडं मांस, पुष्कळ मॅकरोनी, आणि दोन्हींना बांधून ठेवणारा एक डबा.

त्या डब्याबद्दल थोडं विस्ताराने लिहायला हवं. न्यू जर्सीतल्या कॅमडनच्या कॅम्पबेल कंपनीत 1897 मध्ये जॉन डॉरन्स हा तरुण रसायनतज्ज्ञ लागला. जर्मनीतल्या गटिंगेनहून डॉक्टरेट घेऊन आलेला, मालकांच्या घरचा पुतण्या, पण आठवड्याला साडेसात डॉलरवर राबणारा. सुपातलं निम्मं पाणी काढून टाकलं तर डबा लहान होतो, वाहतूक स्वस्त होते, आणि पाणी काय, प्रत्येकीच्या घरी आहेच, हे त्याने ओळखलं. घट्ट सूपचा छोटा डबा 10 सेंटला विकायला आला. 1934 मध्ये त्यातच मशरूमचं साईचं सूप आलं, आणि बायकांनी कंपनीला न विचारता त्याचा दुसराच उपयोग शोधला: पाणी न घालता तसंच पातेल्यात ओतायचं, की रस्सा तयार. लोणी वितळवा, मैदा भाजा, दूध गुठळ्या होऊ न देता थोडंथोडं ओता, ही फ्रेंच पद्धतीची सगळी कसरत वाचली. इकडच्या लुथरन घरांमध्ये हे सूप इतकं वापरलं गेलं की लोक त्याला ‘लुथरन बाइंडर’ म्हणू लागले.

सायीच्या रश्शाचं मूळ मात्र रशियाचं. एलेना मोलोखोवेत्स या बाईंनी तरुण गृहिणींसाठी लिहिलेलं पाककृतींचं पुस्तक 1861 मध्ये निघालं आणि पुढची कित्येक दशकं रशियन घरांत नांदलं. 1871च्या आवृत्तीत स्ट्रोगानोव्ह या सरदार घराण्याच्या नावाने एक कृती आहे. गोमांसाचे छोटे चौकोनी तुकडे, मोहरीची चटणी, यखनी, आणि थोडी विरजलेली साय. कांदा नाही, मशरूम नाहीत, नूडल्स तर नाहीतच. 1917च्या क्रांतीनंतर देशोधडीला लागलेल्या रशियनांनी हा पदार्थ पॅरिसला नेला, हार्बिन आणि शांघायला नेला. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर तो पाहुण्यांसाठी करायचा मानाचा पदार्थ झाला, कोवळ्या महागड्या मांसाच्या पट्ट्यांचा. रशियातला गहू आणि रशियातली साय वेगवेगळ्या वाटांनी, पन्नासेक वर्षांच्या अंतराने आमच्या कढईत येऊन भेटले, हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच होते आणि कुणाला तरी सांगावंसं फार वाटलं.

महागड्या पट्ट्यांच्या जागी खिमा कुणी आणला? याला एक उत्तर नाही. युद्धाच्या रेशनिंगमध्ये, 1943 पासून, मांसाला कूपनांचे पॉइंट लागत आणि खिम्याला चांगल्या तुकड्यांपेक्षा कमी लागत. त्या काळात घरोघर हात बसला. पण ही अदलाबदल उघडपणे आणि आनंदाने छापली ती पेग ब्रॅकनने. ऑरेगनमधली जाहिरातींचा मजकूर लिहिणारी ही बाई. 1960 मध्ये तिचं ‘द आय हेट टू कुक बुक’ आलं. पुरुष संपादकांनी आधी ते परत केलं होतं, मग एका बाई संपादकाने घेतलं, आणि त्याच्या 30 लाखांवर प्रती खपल्या. त्यात ‘स्किड रोड स्ट्रॉगनॉफ’ आहे: नूडल्स, एक पाऊंड खिमा, डब्यातले मशरूम, डब्यातलं चिकनचं साईचं सूप, एक कप विरजलेली साय. सासूबाईंच्या कार्डावरची कृती जवळजवळ हीच. मला ब्रॅकनबद्दल मनापासून आदर आहे. दिवसभर काम करून दमलेल्या बाईला स्वयंपाकाचा कंटाळा येऊ शकतो, आणि तरीही ती घरच्यांना नीट जेवू घालते, या दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असतात, हे तिने छापून सांगितलं. त्या काळात ते धाडसाचं होतं.

चर्चच्या त्या पुस्तकांत मला एक गोष्ट फार लागली. कृतीखाली बाईचं नाव असतं ते नवऱ्याच्या नावाने, श्रीमती अमुक तमुक असं. स्वतःचं नाव कुठेच नाही. आणि त्याच राज्यात जी बाई कधी जन्मलीच नाही तिचं नाव घरोघर पोचलं. 1921 मध्ये मिनियापोलिसच्या वॉशबर्न-क्रॉसबी कंपनीने गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरं द्यायला बेटी क्रॉकर हे नाव तयार केलं. क्रॉकर हे निवृत्त झालेल्या एका संचालकाचं आडनाव, बेटी हे आपलेपणाचं वाटावं म्हणून. 1928 मध्ये ती कंपनी जनरल मिल्समध्ये गेली. 1945 साली ‘फॉर्च्युन’ मासिकाने एलिनॉर रूझवेल्टच्या खालोखाल तिला देशातली सर्वाधिक परिचित बाई ठरवलं. तिच्या नावाने पत्रं लिहिणाऱ्या, कृती पुन्हापुन्हा करून पाहणाऱ्या खऱ्या बायका मात्र पडद्यामागेच राहिल्या.

बेटी क्रॉकरच्याच नावावर 1970च्या अखेरीस पश्चिम किनाऱ्यावर आणि 1971 मध्ये देशभर हॅम्बर्गर हेल्पर आलं. खोक्यात कोरडा पास्ता आणि मसाल्याची, सायीच्या भुकटीची पुडी. एक कढई, एक पाऊंड खिमा, एक खोकं. त्यामागची युक्ती चांगली होती: पास्ता वेगळा उकडून पाणी फेकायचं नाही, तो खिम्याबरोबर त्याच पाण्यात शिजवायचा, म्हणजे त्याची पेज रश्शात उतरते आणि रस्सा आपोआप दाट होतो. वेळही नेमकी साधली. मांस इतकं महाग झालं की 29 मार्च 1973 रोजी अध्यक्ष निक्सन यांनी भावांवर कमाल मर्यादा घातली, आणि तरीही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात देशभरातल्या गृहिणींनी मांसावर बहिष्कार टाकला. सासूबाईंच्या घरी त्या आठवड्यात बीन्स शिजले. हे त्या अभिमानाने सांगत. खोकं त्यांनी क्वचितच आणलं. मिठाचं प्रमाण त्यांना खटके, आणि मलाही खटकतं. पण शेजारची परिचारिका रात्रपाळीहून येऊन मुलांसाठी खोक्यातलं करायची, तिला त्यांनी कुणाला कधी नावं ठेवू दिली नाहीत. 1970 मध्ये देशातल्या सुमारे 43 टक्के प्रौढ बायका नोकरीत किंवा नोकरीच्या शोधात होत्या. संध्याकाळी साडेपाचला घरी येऊन सहाला वाढायचं, ही त्यांची रोजची गरज होती.

खाण्यावर लिहिणारे चोखंदळ लोक या पदार्थाला हलकं लेखतात, डबा-संस्कृती म्हणतात. मला ते पटत नाही. त्यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी कशाच्या तरी टंचाईत शोधून काढलेली आहे, आणि त्यातल्या बहुतेकींना त्याचं श्रेय मिळालेलं नाही. कॅमडनच्या त्याच कॅम्पबेल कंपनीतल्या डॉर्कस राइली यांनी 1955 मध्ये फरसबी आणि त्याच मशरूम सूपचा पदार्थ बसवला, जो आज लाखो घरांत थँक्सगिव्हिंगला होतो. त्यांचं नाव लोकांना माहीत झालं ते खूप नंतर.

2022 मध्ये जनरल मिल्सने हेल्परचा धंदा दुसऱ्या कंपनीला विकला. मला वाटलं, आता हे संपत आलं. पण 2025 मध्ये अमेरिकेतली गुरांची संख्या 1951 नंतरच्या सर्वात खालच्या पातळीवर गेली. सलग दुष्काळांत चारा नसल्याने शेतकऱ्यांनी गाई विकल्या होत्या. खिमा पाऊंडाला सहा डॉलरच्या वर गेला. माझ्या मुलीने विचारलं की मांस कमी घालून हे कसं करायचं. मी तिला सांगितलं: पाऊण पाऊंड खिमा घे. मशरूम दुप्पट घे, अगदी बारीक चिर, आणि पाणी आटेपर्यंत आधी कोरडेच परत, म्हणजे त्यांना मांसासारखा दाटपणा येतो. डबा नको, त्याऐवजी दोन चमचे मैदा आणि दीड कप यखनी. नूडल्स त्याच कढईत शिजू दे. साय शेवटी, आच बंद करून, नाहीतर ती फाटते. मिरपूड हात सैल सोडून घाल. हे शेवटचं मात्र वसईचं.