मिक्सिंगचे दप्तर

1856 साली कल्याणच्या पुढे आगगाडी धावू लागली, तेव्हापासून बदलापूर गावाचा मुंबईशी जो नित्याचा व्यवहार जडला, त्यात माणसे आणि माल यांच्या जोडीला गेल्या काही दशकांत आणखी एका जिनसेची भर पडली आहे. ती म्हणजे खांद्यावरच्या पिशवीतून एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाणारी हार्ड डिस्क. लग्न, मुंज, बारसे यांचे चित्रण करून त्याची तोडजोड करण्याच्या व्यवसायाला लोक ‘मिक्सिंग’ म्हणतात. चित्रपटसृष्टीत ज्याला संकलन हे भारदस्त नाव आहे, तेच हे काम. फरक इतकाच, की येथे प्रेक्षक हेच चित्रपटातील पात्रे असतात आणि म्हणून त्यांची टीका अधिक कठोर असते.

व्हीएचएसच्या काळी हा धंदा सरळ होता. दोन व्हीसीआर जोडून एकावरची दृश्ये दुसऱ्यावर उतरवावयाची, मध्ये मिक्सर बसवून वधूवरांभोवती फुलांची चौकट फिरवावयाची, आणि प्रत्येक उताऱ्यागणिक रंग फिका पडला तर तो दैवयोग समजावयाचा. कॅसेट हेच चित्र होते. त्यामुळे स्थलांतराचा प्रश्न समुद्र ओलांडतानाच उद्भवे. आपल्याकडील पाल पद्धतीत चित्राच्या 625 रेषा व सेकंदाला 25 चौकटी, तर अमेरिकेतील एनटीएससीत 525 रेषा व जवळजवळ 30 चौकटी. तेव्हा न्यू जर्सीतील मावशीकडे पाठविलेली लग्नाची कॅसेट रूपांतर केल्यावाचून तिच्या यंत्रावर धड दिसत नसे.

1995 साली मिनी डीव्हीचा अवतार झाला आणि पुढे फायरवायरच्या तारेतून कॅसेटवरील चित्र, गुणात तसूभरही उणे न होता, संगणकात उतरू लागले. तासाभराच्या चित्रणाला सुमारे 13 जीबी जागा लागे. परंतु मिक्सिंगवाल्यांचा भरवसा बहुधा विंडोजवरील एडिअस किंवा प्रीमियर या संकलनाच्या प्रोग्रॅमांवर, तर मुंबईतील कित्येक स्टुडिओंत मॅकवरील फायनल कट प्रो याचा अंमल. विंडोजची एनटीएफएस डिस्क मॅकला वाचता येई, पण तिच्यावर लिहिण्याची परवानगी नसे. मॅकच्या पद्धतीने आखलेली डिस्क जादा सॉफ्टवेअर घातल्याखेरीज विंडोजला वाचताच येत नसे. दोन्ही दरबारी मान्य असलेल्या फॅट 32 या पद्धतीत 4 जीबीहून मोठी फाइल ठेवण्यास मनाई होती. म्हणजे सीमांतपूजनापासून सप्तपदीपर्यंतचे विधी जेमतेम वीस मिनिटांच्या तुकड्यांत चिरावे लागत. इतके करूनही त्या संगणकात चित्र उलगडणारा योग्य कोडेक नसला, तर मंगलाष्टके ऐकू येत आणि पडदा काळा राही. चौकटीतील रेषांचा क्रम, म्हणजे फील्ड ऑर्डर, उलटी लागली, तर वरातीत नाचणारी मंडळी हिवताप भरल्याप्रमाणे थरथरत.

तरीही चित्र वाहून नेणे ही अखेर हमालीच होय. संकलकाने कोणता क्षण राखला आणि कोणता वगळला, हा त्याचा निर्णय दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये पोहोचविणे हेच खरे दुर्घट काम. सीबीएस आणि मेमोरेक्स यांनी 1971 साली सीएमएक्स ही कंपनी काढली. तिच्या ‘सीएमएक्स 3600’ या यंत्रासाठी ठरलेला कटांच्या यादीचा नमुना, म्हणजे ईडीएल, पुढे सर्वमान्य झाला. प्रत्येक कटाचा क्रमांक, कॅसेटचे नाव, आरंभाचा व अंताचा टाइमकोड, एवढाच मजकूर. जुन्या कुळकर्ण्याच्या दप्तरातील फर्दीप्रमाणे निरलंकृत, पण मूळ चित्रणाशी रुजुवात घालण्यास पुरेसा. मर्यादा मात्र कडक: 999 नोंदी, चित्राचा एकच ट्रॅक आणि आठ अक्षरांत कॅसेटचे नाव. पुढे ओएमएफ, एएएफ, एक्सएमएल या नमुन्यांनी अधिक तपशील वाहिला, तरी प्रत्येक कंपनीची खास करामत तिच्या हद्दीतच राहिली. 2011 साली अ‍ॅपलने फायनल कट प्रो एक्स आणले, तेव्हा त्याच घराण्यातील आधीच्या आवृत्तीचे प्रोजेक्ट त्यात उघडेनात. याला कोणी प्रगती म्हणोत. मला ती मक्तेदारीच वाटते.

मराठी शीर्षकांचा जाच तर निराळाच होता. श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवीत. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला, की ‘चि. सौ. कां.’ आणि तिच्यापुढील वधूचे नाव यांच्या ठिकाणी रोमन अक्षरांची निरर्थक माळ उमटे. युनिकोड आल्यावरही, देवनागरीची जुळणी न जाणणाऱ्या प्रोग्रॅमांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे. म्हणून जाणते मिक्सिंगवाले नावे फोटोशॉपमध्ये लिहून चित्ररूपाने आणीत. असे चित्र कोठेही नेले तरी बिघडत नाही; मात्र त्यात आडनाव चुकले असेल, तर ते दुरुस्तही करता येत नाही.

26 जुलै 2005 च्या महापुरात उल्हास नदीचे पाणी कोठवर आले होते, हे बदलापूरकरांना सांगावयास नको. पाण्यात गेलेल्या कॅसेटची हळहळ सर्वांना कळते. परंतु कोरड्या कपाटात सुखरूप असूनही जो उघडत नाही, त्या प्रोजेक्टची कोणी वास्तपुस्त करीत नाही. यास्तव, घरी कार्य काढणाऱ्यांस एवढीच विनंती, की तयार चित्रफितीबरोबर मूळ फुटेजही मागून घ्यावे, ते दोन निरनिराळ्या डिस्कांवर ठेवावे, आणि मिक्सिंगवाल्याने कटांची यादी काढून दिली, तर ती कागदावर छापून लग्नपत्रिकेच्या पाकिटातच जपून ठेवावी.