स्तनरोपणाचा पृष्ठभाग आणि त्याचे स्थान : एक ऐतिहासिक टिपण

सिलिकोनच्या स्तनरोपणाचा इतिहास आपल्या नागपूरच्या प्लॅस्टिक शस्त्रक्रिया विभागाहून चार वर्षांनी लहान आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील हा विभाग डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ साली स्थापन केला. ह्यूस्टन येथे क्रोनिन व जेरो यांनी पहिले रोपण केले ते १९६२ साली. रोपण ग्रंथीमागे, परंतु स्नायूच्या वर ठेवीत.

परक्या वस्तूभोवती शरीर तंतुमय वेष्टन विणते. ते आवळले की स्तन कठीण व वेदनामय होतो. ह्यावर दोन उपाय निघाले : १९६८ च्या सुमारास रोपण वक्षस्नायूखाली नेणे, आणि पुढे पृष्ठभाग खडबडीत करणे. आमच्या मते ह्या दोहोंचा विचार निराळा करणे हीच मोठी चूक होय. कारण खडबडीतपणाचा लाभ स्नायूवरील रोपणांतच ठळक दिसतो, स्नायूखाली तो बराच ओसरतो. आणि त्याचे मोल? १९९७ साली रोपणाच्या वेष्टनालगतच्या एका विरळ लिंफोमाची प्रथम नोंद झाली. पृष्ठभागाची माहिती उपलब्ध असलेल्या रुग्णांत तो बहुतांशी खडबडीतच आढळला. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या विनंतीवरून ॲलर्गन कंपनीने बायोसेल रोपणे जगभरातून परत घेतली. स्नायूखालील स्थानही सर्वथा निर्दोष नाही. स्नायू आकुंचन पावताच रोपण हलते व आकार क्षणभर बिघडतो. मात्र त्याने जीव धोक्यात येत नाही.